खिशातला सोलर ऑडिओ बायबल प्लेअर: घ्यावा का, आणि घेताना काय बघावं

परदेशी सेवेत असलेल्या मिशनरी कुटुंबांच्या सामानात हल्ली हा तळहाताएवढा प्लेअर बऱ्याचदा दिसतो. पाठीवर सोलर पॅनल, पुढे स्पीकर, बाजूला मायक्रो एसडी कार्डाची खाच. वाचता न येणाऱ्यांना आणि नजर अधू झालेल्यांना पवित्र शास्त्र ऐकता यावं, हा हेतू. कल्पना जुनीच. जॉय रिडरहॉफ यांनी १९३९ मध्ये लॉस एंजेलिसला गॉस्पेल रेकॉर्डिंग्ज ही बायबलचा संदेश ध्वनिमुद्रित करणारी संस्था सुरू केली, आणि पुढे त्याच संस्थेने पुठ्ठ्याचा, हाताने फिरवायचा रेकॉर्ड प्लेअरही काढला. त्याला बॅटरीच लागत नव्हती. आजच्या प्लेअरची निम्मी दुखणी मात्र बॅटरीचीच असतात.

खोक्यावर ‘सौरऊर्जेवर चालतो’ असं छापलेलं असलं तरी पाठीवरचं पॅनल जेमतेम अर्ध्या वॅटचं असतं. भर उन्हात त्यातून फार तर १०० मिलिअँपिअर मिळतात. १००० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी भरायला म्हणजे दहा तासांहून जास्त कडक ऊन हवं, आणि तेवढं एका दिवसात मिळत नाही. दोन दिवस धरून चाला, ढगाळ हवेत त्याहून जास्त. खिडकीच्या काचेआड ठेवला तर आणखी वेळ लागतो. दुसरी अडचण मोठी: पॅनल पाठीवरच असल्याने बॅटरीही उन्हात भाजते. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर तापलेली असताना चार्ज झाली की लवकर खराब होते, कधी फुगते आणि मागचं झाकण उचललं जातं. म्हणून सकाळच्या कोवळ्या उन्हात तिरका ठेवावा, दुपारी आत घ्यावा. वायरने जोडायचं वेगळं पॅनल असलेलं मॉडेल मिळालं तर डोळे झाकून तेच घ्या: पॅनल उन्हात, प्लेअर सावलीत. बॅटरी बदलता येणारी हवी. साध्या बटणाच्या फोनमधली बीएल-५सी बसत असेल तर उत्तम, कारण ती आडगावीही मिळू शकते. आत डाग देऊन बसवलेली बॅटरी गेली की अख्खा प्लेअर टाकाऊ.

कार्ड सोबतचं वापरू नका, स्वतः भरा. एकाच आवाजातलं वाचन मोनोमध्ये (एकाच ध्वनिमार्गात), ६४ केबीपीएसला (सेकंदाला ६४ किलोबिट) ठेवलं तर तासाला २९ एमबीच्या आसपास जागा लागते. नव्या कराराचे, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाचे, २६० अध्याय साधारण वीस तासांचे, म्हणजे ६०० एमबीत बसतात. संपूर्ण बायबलला ४ जीबीचं कार्ड पुरतं. कार्डाचं फॉरमॅट (फाइल साठवायची पद्धत) फॅट३२ ठेवा. ३२ जीबीच्या वरची कार्डं स्वस्तातले प्लेअर बहुधा ओळखतच नाहीत. फाइलच्या नावात अध्यायाचा आकडा तीन अंकी द्या (००१, ००२), नाहीतर नव्या कराराच्या पहिल्या पुस्तकात मत्तय १ नंतर थेट मत्तय १० वाजतो. काही प्लेअर नाव बघतच नाहीत, फाइल ज्या क्रमाने कार्डावर उतरली त्या क्रमाने वाजवतात. तिथे एकेक पुस्तक क्रमानेच कॉपी करावं लागतं. शेवटी प्रकटीकरणाचा बाविसावा, म्हणजे बायबलचा अखेरचा, अध्याय लावून बघा, म्हणजे कॉपी अर्धवट राहिलेली नाही हे कळतं.

विकत घेण्याआधी एक चाचणी अवश्य करा. अध्याय मध्येच थांबवा, प्लेअर बंद करा, पुन्हा चालू करा. तिथूनच पुढे वाजला तर ठीक. स्मरण नसलेला प्लेअर पुन्हा पहिल्या फाइलवर येतो, आणि ज्या आजींना पुढे-मागेची बटणं कळत नाहीत त्यांना रोज मत्तयाच्या सुरुवातीची अब्राहामापासूनची वंशावळच ऐकावी लागते. अशा वेळी पहिली फाइल मार्काच्या शुभवर्तमानाची ठेवणं हा कामचलाऊ उपाय.

आवाज घरातल्या सात-आठ जणांना पुरतो, मंडळीच्या (चर्चच्या) उपासनेला नाही. संगीत आणि अनेक पात्रांचे आवाज असलेलं नाट्यरूप वाचन छोट्या स्पीकरवर गढूळ होतं. साधं वाचन चांगलं. भाषा निवडताना शाळेची किंवा सरकारी भाषा गृहीत धरू नका. ऐकणारी व्यक्ती घरात कुठली बोली बोलते ते विचारा, आणि एक अध्याय ऐकवून तिच्याच शब्दांत परत सांगायला लावा. कॉपी करून वाटायला ध्वनिमुद्रणाच्या हक्कदारांची परवानगी लागते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

एका घराला, एका आजारी माणसाच्या उशाला द्यायला हा प्लेअर चांगला. गावागावांत गट चालवायचे असतील तर हाताने फिरवून चार्ज होणारा मोठा प्लेअर बघा. विमानाने नेताना सुट्या बॅटरी केबिनच्या सामानातच, टोकांना चिकटपट्टी लावून ठेवा. एकसारखे वीस-पंचवीस नग एकाच बॅगेत असले तर कस्टम्स त्याला विक्रीचा माल धरू शकतं. शिवाय काही देशांत धार्मिक साहित्य आणायला परवाना लागतो, तेव्हा निघण्याआधी तिथल्या मंडळीला विचारून घ्या.