त्यानं पेडल दाबायला सांगितलं आणि मी दाबलं

माझा स्वतःचा पिकअप आहे. पिंपळगाव बसवंतहून टोमॅटो भरायचा आणि वाशी मार्केटला टाकायचा, हे माझं काम. गेल्या पावसाळ्यात इगतपुरीच्या अलीकडे चहाला थांबलो, तर मागच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसला. पुढं कसारा घाट आणि मागं भरलेला माल. हायवेवरच एक गॅरेज होतं, तिथं गाडी लावली.

मिस्त्रीनं चाक उतरवून ब्रेकचा ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं, काढला. आत ड्रमवर दाबले जाणारे शू, त्यांच्यावरचे घासणारे पट्टे म्हणजे लायनर, सगळं काळं नि ओलं. मला म्हणाला, "शेठ, केबिनमध्ये बसा, दोन-तीनदा ब्रेक मारा." मी मारला. तिसऱ्या वेळी पेडल सैल पडलं. खाली उतरून बघतो तर शूंना ढकलणाऱ्या व्हील सिलेंडरचा पिस्टन बाहेर आलेला आणि ब्रेक ऑइल वाहतंय. "बघा, सिलेंडर गेला. दुसऱ्या बाजूचाही जाणार. पेडलमागचा मुख्य, मास्टर सिलेंडरही बदलावा लागेल, नाहीतर घाटात काय होईल सांगता येत नाही."

डोळ्यांनी बघितलं होतं, मग शंका कशी घेणार? दोन्ही व्हील सिलेंडर, मास्टर सिलेंडर, लायनर, ऑइल आणि मजुरी धरून 9,800 रुपये झाले. साध्या कागदावर आकडा लिहून दिला.

चौथ्या दिवशी तोच ओघळ, त्याच चाकाला. ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढायची.

निफाडच्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी चाकाला हातच लावला नाही. आधी बोनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघितली. लेव्हल पूर्ण. "चार दिवस इथलं ऑइल गळलं असतं तर डबी उतरली असती." मग ओघळाचे थेंब ग्लासातल्या पाण्यात सोडले. तेल वर तरंगलं. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, गिअर ऑइल मिसळत नाही. हे तेल दाटही होतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास होता. म्हणजे ते मागची चाकं फिरवणाऱ्या एक्सलमधलं गिअर ऑइल होतं, आणि ते ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, ओलांडून ड्रममध्ये येत होतं.

सील का गेलं, तेही त्यांनी शोधलं. एक्सलच्या कवचावर हवा सोडणारा एक छोटा ब्रीदर असतो, तो चिखलानं बुजला होता. गाडी चालून एक्सल तापला की आतली हवा फुगते. तिला वाट नसली की ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. बेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, नाही ना, तेही पाहिलं, कारण तो असेल तर नवं सीलही टिकत नाही. ब्रीदर साफ केला, सील काही शेकड्यांत झालं, लायनर मात्र तेल पिऊन वाया गेले होते, ते पुन्हा टाकावे लागले.

तेव्हाच त्या पेडलचा खेळ कळला. ड्रम काढलेला असताना शूंना अडवायला काहीच नसतं. ब्रेक मारत राहिलं की ते फाकतात आणि चांगल्या सिलेंडरचाही पिस्टन बाहेर पडतो. ते ऑइल त्यानं माझ्याच पायानं सांडवलं. कुणी उघड्या ड्रमवर पेडल मारायला सांगितलं तर आधी विचारा, कशासाठी.

डबीची लेव्हल खरोखर उतरत असेल, पेडल सैल पडत असेल, तर मात्र गाडी जागची हलवू नका, तो ब्रेकचाच बिघाड असतो. आणि दहा-बारा टायरच्या मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. तिथं चाकाशी तेल दिसलं आणि कुणी ब्रेक ऑइल गळतंय म्हणालं, तर गाडी त्याच्या हातात देऊच नका.

निफाडला मास्टर सिलेंडरचे नट बघितले. कित्येक वर्षांची धूळ तशीच, पाना लागलेलाच नाही. हायवेवरच्या त्या गॅरेजला परत गेलो तेव्हा तिथला मिस्त्री म्हणाला, जुना मास्टर सिलेंडर भंगारात दिला. त्या कागदावर ना शिक्का, ना माझ्या गाडीचा नंबर, ना तारीख. तक्रार करायला माझ्या हातात काहीच नव्हतं.