देशी अंड्यांच्या नावाखाली चहात रंगवलेली अंडी! इंदूरकरांनो, आगाऊ पैसे देण्याआधी हे वाचा

आमच्या घरी आधी महिन्याला तीन ट्रे अंडी लागायची, म्हणजे नव्वद. साडेसहाच्या भावाने पाचशे ऐंशी-नव्वद रुपये. सासूबाईंना डॉक्टरांनी रोज एक सांगितलंय आणि बाकी आम्ही तिघं. घरात ह्यांची थोडीशी पेन्शन आणि माझ्या ट्यूशन, त्यामुळे किराण्याचा प्रत्येक रुपया डायरीत लिहिलेला असतो.

मुलगी अकरावीत आहे. कॉलेजच्या ट्रिपला जाताना त्यांची बस एका पोल्ट्रीपाशी अर्धा तास बंद पडली आणि ही आत डोकावून आली. घरी आल्यावर तिने ए-फोर कागद माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, आई, पिंजऱ्यातल्या एका कोंबडीला एवढी पण जागा मिळत नाही, पंख पसरता येत नाहीत, एकमेकींना टोचतात म्हणून लहानपणीच चोचीचं टोक कापतात. मग तिने शोधून काढलं की 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच लिहिलंय की जनावराला हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवायचं नाही, आणि 2017 मध्ये लॉ कमिशनने अंड्यांच्या कोंबड्यांवर वेगळा रिपोर्ट दिला त्यात पण हे पिंजरे बंद करा असंच म्हटलंय. तिने अंडं खाणं सोडलं. वाढत्या वयाची मुलगी, मला काळजी वाटायला लागली, आणि खरं सांगायचं तर त्या कागदाकडे बघून मलाही गलबलून आलं.

मग हिशोब मांडला. पैसे तेवढेच ठेवायचे आणि अंडी निम्म्याहून कमी करायची. पंधरा रुपयांनी चाळीस घेतली तर सहाशे. म्हणजे बजेट तेच, फक्त ताटात कमी, आणि ती अंडी मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांची. घरात सगळ्यांना पटलं, सासूबाईंना पण.

नेमकं तेव्हाच राजेंद्रनगरच्या एका ओळखीच्या वहिनींनी देशी अंडी विकणाऱ्या एकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोडलं. माणूस बोलायला गोड. "आंटीजी, पचास देसी मुर्गियाँ हैं, दिनभर खुले में घूमती हैं, सिमरोल के आगे खेत है अपना." रोज सकाळी व्हिडिओ यायचा, कोंबड्या पायांनी माती उकरतायत, पिल्लं मागे पळतायत. मुलगी ते व्हिडिओ बघून खूष. तीन महिन्यांचे आगाऊ दिले तर अठराशेऐवजी साडेसोळाशे, म्हणून मी नोव्हेंबरच्या मध्यात यूपीआयने भरून टाकले. बिल मागितलं तर म्हणाला ग्रुपवर नाव आहे ना तेच बिल समजा. मी थांबायला हवं होतं पण दीडशे रुपये वाचत होते आणि मनात ती डायरी होती.

अंडी दर रविवारी यायची, दहा, लहानशी, छान तपकिरी. एकदाही खाडा नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी सहा अंडी उकडायला ठेवली आणि भाज्या चिरत बसले, बघते तर पातेल्यातलं पाणी फिक्क्या चहासारखं झालेलं. एक अंडं तडकलं होतं, त्याच्या आत पांढऱ्यावर त्या तड्याच्या रेषेने तपकिरी डाग. बाकीच्यांची टरफलं ठिकठिकाणी पांढरी पडलेली.

माझा भाचा महूच्या व्हेटर्नरी कॉलेजला शिकतो, त्याला फोटो पाठवले. त्याचा लगेच फोन. मामी, खरा तपकिरी रंग कोंबडीच्या पोटातच टरफलावर चढतो, नुसत्या पाण्यात असा उतरत नाही, ही पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून रंगवलेली आहेत, आणि लहान आहेत कारण नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोंबड्यांची आहेत, ती बाजारात स्वस्त मिळतात. मी म्हटलं लिंबू चोळून बघू का, कुठेतरी ऐकलं होतं. तर म्हणाला नको, त्याने काही कळत नाही, आंबट पदार्थाने टरफलच विरघळतं त्यामुळे खऱ्या तपकिरी अंड्याचा पण रंग निघतो.

मग त्याने जे विचारलं ते मी पैसे देण्याआधी विचारायला हवं होतं. मामी, कोंबड्या किती आणि ग्रुपवर माणसं किती? ग्रुपवर बासष्ट जण. कोणी महिन्याला वीस घेतं कोणी चाळीस, सरासरी तीस धरली तरी रोजची बासष्ट अंडी झाली. आणि गावठी देशी कोंबडी वर्षाला साधारण साठ-ऐंशी अंडी देते, तीनशेच्या वर देतात त्या पोल्ट्रीच्या लेगहॉर्न. पन्नास कोंबड्या गुणिले ऐंशी म्हणजे चार हजार, रोजची अकरा! बाकीची एक्कावन्न कुठून येतात? शिवाय देशी कोंबडी मधेच खुडूक बसते, पिसं झडतात तेव्हा अंडी थांबतात, थंडीत दिवस लहान झाला की कमी होतात. ह्याच्याकडे डिसेंबरमध्ये एक अंडं कमी पडलं नाही हीच मोठी खूण होती.

मुलीने त्या दिवशी जुने व्हिडिओ परत बघितले. मागे नारळाची झाडं, एक-दोन नाही, रांगच्या रांग. आपल्या माळव्यात, सिमरोलच्या पुढे, नारळाची बाग? दीड महिना रोज बघत होतो आम्ही. ती काही बोलली नाही, फोन ठेवून आत गेली. मला पैशांपेक्षा ते जास्त लागलं, कारण तिने दीड महिना विश्वासाने खाल्लेली अंडी त्याच पिंजऱ्यातली होती ज्यासाठी तिने खाणं सोडलं होतं.

रविवारी भाचा आणि हे त्या माणसाने दिलेल्या लोकेशनवर स्कूटरने जाऊन आले. गव्हाचं शेत, बाजूला हरभरा. तिथल्या शेतकऱ्याने सांगितलं इथे कधीच कोणी कोंबड्या पाळल्या नाहीत. मी ग्रुपवर फोटो टाकला, दहा मिनिटांत मला काढून टाकलं आणि ब्लॉक. उरलेल्या सहा आठवड्यांचे साडेसातशेच्या आसपास रुपये गेले.

दुकानातल्या अंड्यांबद्दल पण भाच्याने सांगितलं ते लिहिते कारण मी स्वतः गोंधळले होते. तपकिरी म्हणजे मोकळी कोंबडी असं नाही, तपकिरी अंडी देणाऱ्या पोल्ट्रीच्या जाती पिंजऱ्यात पण असतात. बलकाचा केशरी रंग खाद्यावर असतो, मका किंवा झेंडूचा अर्क घातला की बलक पिवळाधमक होतो. केज-फ्री म्हणजे पिंजरा नाही एवढंच, शेडमध्ये दाटीने ठेवलेल्या असू शकतात. डब्यावर ऑरगॅनिक लिहिलं असेल तर सरकारमान्य ऑरगॅनिकचा लोगो आणि एफएसएसएआय म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा आकडी नंबर बघा. आणि कडकनाथच्या नावाने काळी अंडी कोणी दाखवली तर घेऊच नका, झाबुआ इथून जवळ म्हणून आपल्याकडे हे नाव फार चालतं, पण कोंबडी काळी असली तरी तिचं अंडं फिक्कंच असतं.

आता आमच्या भाजीवाल्या बाई कंपेलकडच्या गावातून येतात त्यांच्याकडून घेते. नऊ कोंबड्या आहेत, मी आणि मुलगी जाऊन बघून आलो, अंगणात आणि उकिरड्यावर फिरतात. बारा रुपयाला एक, आठवड्याला कधी आठ कधी चार, आगाऊ काही नाही. सासूबाईंचं आधी काढून ठेवते, बाकीच्यांना उसळ, शेंगदाणे, मुगाचं धिरडं. ज्या घरात हे जमत नसेल त्यांनी साधा ट्रे घ्यावा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, निदान जे आहे त्याचाच भाव देताय. पण जास्तीचे पैसे कोंबडीसाठी देत असाल तर आधी ती कोंबडी बघून या.

मी ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार केलीय, नंबर मिळालाय. बिल नसल्यामुळे यूपीआयची पावती, व्हिडिओ आणि त्याचे मेसेज हाच पुरावा आहे. त्या ग्रुपवरच्या बासष्टपैकी राजेंद्रनगर, सुदामानगरचे बरेच जण आहेत. ग्रुप सोडण्याआधी सगळे स्क्रीनशॉट काढून घ्या आणि आपापली तक्रार वेगळी करा, माझ्या एकटीच्या साडेसातशेसाठी त्याला कोण विचारणार.