१५ वॅटचा ॲम्प आणि फ्यूजच्या जागची तार

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मी ३४ हजार रुपये देऊन एक सेकंडहँड गिटार ॲम्प, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, घेतला आणि फसलो. पैसे परत मिळालेले नाहीत, मिळतील अशी आशाही आता ठेवलेली नाही. पण त्या ॲम्पमुळे माझ्या १७ वर्षांच्या विद्यार्थ्याला स्टेजवर विजेचा जबर धक्का बसू शकला असता. तसेच ॲम्प आणखीही विकले जात आहेत हे मला आता ठाऊक आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

मी कोथरूडला गिटार शिकवतो. महिन्यातल्या दोनेक शनिवारी आमचा चौघांचा बँड बाणेर, कोरेगाव पार्क भागातल्या छोट्या क्लबांमध्ये वाजवतो. साठ-सत्तर माणसांची जागा, कोपऱ्यात ड्रम, गाण्यासाठी दोन माइक आणि भिंतीवर टांगलेले दोन स्पीकर. चौघांत मिळून आठ-दहा हजार हाती येतात. बहुतेक क्लबांत गिटारसाठी ॲम्प नसतोच. साउंडवाला म्हणतो, थेट मिक्सरला (सगळे माइक आणि वाद्यं एकत्र जोडतात त्या यंत्राला) लावा. तशी लावलेली इलेक्ट्रिक गिटार कशी वाजते ते वाजवणाऱ्यालाच कळतं: आवाज पातळ, कडक, बोटांखाली काहीच जीव नाही. म्हणून स्वतःचा ॲम्प हवा होता. खिशाला परवडणारा, एकट्यानं जिना चढवता येईल असा, आणि ड्रमच्या बरोबरीनं ऐकू येणारा.

वॅटच्या आकड्यामागे लागू नये हे मला माहीत होतं. ३० वॅटचा ॲम्प १५ वॅटच्या दुप्पट मोठा वाजत नाही, फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा स्पीकर बघावा. एका वॅटला एका मीटरवर ९७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरच्या जागी १००चा बसवला, तर वॅट दुप्पट केल्याइतकाच फायदा होतो. चांगला १२ इंची स्पीकर असलेला १५ वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांवर चालणारा) साठ माणसांच्या जागेत ड्रमसमोर टिकतो. खुर्चीवर ठेवून थोडा मागे कलवला की आवाज गुडघ्यांऐवजी कानाकडे येतो. हे सगळं पक्कं करून मी शोधात निघालो होतो. ॲम्पच्या पोटात काय बघायचं, हे मात्र मला ठाऊक नव्हतं, आणि विकणारा नेमका त्याच जागी बसला होता.

जाहिरात होती एका नामांकित परदेशी कंपनीच्या १५ वॅटच्या व्हॉल्व्ह कॉम्बोची, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात असलेल्या ॲम्पची. नवा घ्यायचा तर याच्या दुपटीहून जास्त पैसे पडले असते. फोटो स्वच्छ उजेडात काढलेले. समोरून, वरून, कोपऱ्यावरून, पण मागून एकही नाही. आता ते फोटो पुन्हा बघितले की पहिलं तेच डोळ्यांत भरतं.

खराडीतल्या एका सोसायटीत आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटवर त्यानं बोलावलं. तिशीतला, अदबीनं बोलणारा मुलगा. चहा दिला. चुलतभावानं अमेरिकेतून आणलेला ॲम्प, आता आपण कॅनडाला चाललोय, सामान काढायचंय, असं म्हणाला. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची, म्हणून मी व्होल्टेजचं विचारलं. तो लगेच म्हणाला, "दादा, ते काम झालंय. कंपनीचाच २३०चा ट्रान्सफॉर्मर टाकून घेतलाय, बिनधास्त लावा." बिल? बिलाची झेरॉक्स होती, त्यावरचा सीरियल नंबर नेमका पुसट.

मग त्यानं वाजवून दाखवलं. हा शब्द मुद्दाम वापरतो आहे, कारण वाजवलं त्यानं. मी माझी गिटार नेली होती. ती पाठीवरून काढेपर्यंत त्यानं स्वतःची गिटार लावलीसुद्धा होती, मध्ये डिले आणि रिव्हर्बचे, म्हणजे आवाजाला प्रतिध्वनी आणि घुमारा देणारे, दोन पेडल. फ्लॅटमधल्या आवाजात, दहा-बारा मिनिटं. आवाज गोड होता, मागे व्हॉल्व्हचा तांबूस उजेड दिसत होता. मी गिटार लावून जेमतेम दोन सूर छेडले तोच त्याचा फोन वाजला. "हो, मुंबईहून निघालात का? बघतो, एक दादा आलेत आत्ता." मला म्हणाला, शेजारी म्हातारं माणूस आजारी आहे, मोठ्यानं नको वाजवू या. मी आवाज वाढवलाच नाही. मागचं झाकण उघडून बघू का, असं विचारायचं मनात आलं होतं. पण चहा पाजणाऱ्या माणसावर अविश्वास दाखवणं मला जड गेलं. यूपीआयनं पैसे दिले आणि ॲम्प रिक्षात घालून घरी आणला.

पुढचे दोन आठवडे क्लासमध्ये तो ठीक चालला. हळू आवाजात, अर्धा-पाऊण तास. मुलं खूश होती. त्या १७ वर्षांच्या मुलाला मी कबूल केलं होतं, पुढच्या शोला शेवटचं गाणं तू या ॲम्पवर वाजवायचंस.

शो बाणेरच्या एका तळघरातल्या क्लबमध्ये होता. साउंड चेकच्या वेळी माइकला ओठ लागले आणि झिणझिण्या आल्या. आमच्याकडे वायरिंगचा भरवसा कुठेच नसतो, म्हणून मी माइकवर स्पंजची टोपी घातली आणि विसरून गेलो. ज्यांनी कुणी हे वाचताना मान डोलावली असेल, त्यांना हात जोडून सांगतो, असं करू नका. त्या क्षणी सगळं बंद करायला हवं होतं.

पाच गाणी नीट झाली. सहाव्याला आवाज बसायला लागला, जणू कुणी गळा धरलाय. मी व्हॉल्यूम वाढवला तर गुणगुण वाढली. मग वास आला, तापलेल्या वॉर्निशचा. ज्यांनी जळती मोटर कधी हुंगली आहे त्यांना तो वास कळेल. ड्रमरनं वाजवता वाजवताच मला खूण केली. ॲम्पच्या मागून धूर निघत होता आणि फ्यूज काही उडत नव्हता. मी भिंतीतला प्लग खेचला. तो मुलगा गिटार गळ्यात घालून स्टेजच्या कडेला उभा होता. उरलेला शो आम्ही थेट मिक्सरला लावून कसाबसा संपवला.

सोमवारी ॲम्प घेऊन बुधवार पेठेत गेलो. तापकीर गल्लीत विचारत विचारत एका जुन्या माळ्यावरच्या काकांपर्यंत पोचलो. त्यांनी तरुणपणी व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेले, भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह अजून खोक्यात जपून ठेवलेले. त्यांनी आधी ॲम्प नुसता उचलून बघितला आणि म्हणाले, "अरे, हा हलका आहे." व्हॉल्व्ह ॲम्पचं बरंचसं वजन ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडात असतं. कंपनीनं छापलेलं वजन मला मोबाइलवर सापडलं, तराजूवर ॲम्प त्याहून अडीच किलोनं कमी भरला. घरचा वजनकाटा मी खराडीला नेला असता तर निम्मी गोष्ट तिथेच उघडी पडली असती.

मग त्यांनी मागची पट्टी काढली. स्क्रूंच्या डोक्यावर ताजे ओरखडे होते. कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) रिकामे करेपर्यंत मला हात लावू दिला नाही. प्लग काढल्यावरही व्हॉल्व्ह ॲम्पच्या आत तीनशे-साडेतीनशे व्होल्ट साठून राहू शकतात. त्यामुळे कुणीही घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नये, मागच्या जाळीतून टॉर्चनं बघण्यापुरतंच बघावं.

मेन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे भिंतीतली वीज ॲम्पला हव्या त्या व्होल्टेजची करून देणारा, कंपनीचा नव्हताच. कुठंतरी हातानं गुंडाळलेला, अंगावर नाव नाही, आकडा नाही, आकारानं लहान. या ॲम्पमध्ये दोन ईएल८४ आणि तीन १२एएक्स७ व्हॉल्व्ह. त्यांची फिलामेंट (आतल्या तापणाऱ्या तारा) तापवायलाच ६.३ व्होल्टवर जवळजवळ अडीच अँपियर लागतात. एवढा भार त्या ट्रान्सफॉर्मरला पेलत नव्हता. थंड असताना सगळं ठीक, अर्ध्या तासानं तापून व्होल्टेज खाली, आवाज बसलेला. हळू वाजवलं तर हे लवकर कळतही नाही. दहा मिनिटांचा डेमो आणि शेजारचं आजारी माणूस कशासाठी होतं, ते मला त्या माळ्यावर समजलं.

स्पीकरच्या चुंबकावर नामांकित इंग्लिश कंपनीचं स्टिकर होतं. काकांनी नखानं कोपरा उचलला, खाली दुसरंच, इथल्या कुठल्या तरी कारखान्याचं. ॲम्पवर ८ ओहम (स्पीकरकडून विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) छापलेलं. मल्टिमीटर स्पीकरच्या दोन टोकांना लावला, आकडा आला ३.४. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ ते ७ दाखवतो, ३.४ म्हणजे तो ४ ओहमचा. ही तपासणी कुणालाही जमेल. कॉम्बोच्या स्पीकरची वायर बहुतेक वेळा साध्या जॅकनं लावलेली असते. ॲम्प बंद असताना तो जॅक काढायचा, टोकाला आणि दांड्याला मीटर लावायचा, आणि जॅक परत घालायचा. तो परत घालायला विसरून व्हॉल्व्ह ॲम्प चालू केला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर (स्पीकरकडे सिग्नल पोचवणारा) जळू शकतो, एवढं ध्यानात ठेवा.

फ्यूजचं टोपण काकांनी माझ्यासमोर फिरवून काढलं. काचेच्या नळीभोवती तांब्याची तार गुंडाळलेली होती. तो ट्रान्सफॉर्मर मागत होता तेवढ्यानं योग्य फ्यूज सारखा उडाला असता, म्हणून उडूच नये अशी सोय करून ठेवली होती. धूर निघूनही वीज का तुटली नाही त्याचं कारण ते. हे टोपण तर मी खराडीत, प्लग काढून, चहा पितापिता उघडू शकलो असतो. आतल्या फ्यूजवरचा आकडा मागच्या पट्टीवर छापलेल्या आकड्याशी जुळतो का, एवढंच बघायचं होतं.

शेवटी त्यांनी प्लगची वायर आत कुठे जाते ते बघितलं आणि थोडा वेळ बोललेच नाहीत. अर्थची, म्हणजे गळकी वीज जमिनीत नेणारी, हिरवी वायर कापून तिच्यावर टेप गुंडाळला होता. अर्थ तोडला की काही वेळा गुणगुण कमी होते, म्हणून काही जण हे करतात. गिटारच्या तारा केबलच्या जाळीतून ॲम्पच्या लोखंडी पेटीला जोडलेल्या असतात. पेटीला अर्थ नसेल आणि आत गळती असेल, तर तारांवर वीज येते. समोरचा माइक मिक्सरमार्फत अर्थला असतो. एक हात तारांवर, ओठ माइकला, आणि मधल्या रस्त्यात वाजवणाऱ्याची छाती. काका म्हणाले, "तुला झिणझिण्या आल्या ना? तो इशारा होता रे. ट्रान्सफॉर्मर आतून पुरता फुटला असता तर इशारा मिळाला नसता."

त्या मुलाची आई त्याला दर मंगळवारी क्लासला सोडायला येते. त्या मंगळवारी मला तिच्याशी नीट बोलताच आलं नाही. काही दिवसांनी सगळं सांगितलं, आणि तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

विकणाऱ्याचा फोन तोवर बंद झाला होता. खराडीचा फ्लॅट दिवसाच्या भाड्यानं घेतलेला निघाला. पोलीस चौकीत अर्ज दिला. पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, त्याखाली अर्ज घ्या म्हणून दोनदा चकरा माराव्या लागल्या. पोच मिळाली, ती जपून ठेवली आहे. वरची सगळी माहिती, काकांनी काढलेल्या सुट्या भागांचे फोटो, पैसे पाठवल्याची नोंद, सगळं जोडलं आहे. नंतर कोल्हापूरच्या एका गिटारवाल्याची ओळखीतून गाठ पडली. त्याचा ॲम्प वेगळ्या कंपनीचा, पण तीच कॅनडाची गोष्ट, तोच मध्येच येणारा मुंबईचा फोन आणि फ्यूजभोवती तशीच तार. हे एखाद्या अडचणीतल्या माणसाचं काम नाही. मेलेले ॲम्प भंगाराच्या भावात घ्यायचे, आतलं किमती ते काढून विकायचं आणि खोकं पुन्हा रंगवून बाजारात आणायचं, असा हा धंदा आहे.

काकांनी दुरुस्तीचा अंदाज दिला तो ॲम्पच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. मी दुरुस्ती केली नाही. सध्या एका मित्राचा बॉसचा कटाना ५० वापरतो आहे. सॉलिड स्टेट (व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारा), १२ इंची स्पीकर, साडेअकरा किलोच्या आसपास. घरी सरावाला अर्ध्या वॅटवर उतरतो, क्लबमध्ये ५०वर. व्हॉल्व्हचा लवचीकपणा त्यात पूर्ण नाही, आणि मला त्याची चुटपुट लागते. पण साठ माणसांच्या जागेत, ड्रमबरोबर, तो माझं काम चोख करतो. आणि असा ॲम्प नवा, बिलासकट, वॉरंटीसकट घेता येतो. परवडणारा ॲम्प शोधणाऱ्या नव्या मुलांना मी आता हेच सुचवतो. व्हॉल्व्हच हवा असेल तर हातात एक तास, स्वतःची गिटार, मल्टिमीटर आणि सोबत जाणकार माणूस असल्याशिवाय जाऊ नका. तासभर मोठ्यानं वाजवू देत नसेल तर तिथून निघा, चहा राहिला तरी चालेल.

परवा नाशिकहून एक जाहिरात दिसली. १५ वॅटचा कॉम्बो, स्वच्छ उजेडातले चार फोटो, परदेशी जायचं म्हणून घाईनं विकणे आहे. मागून एकही फोटो नाही. मी लगेच निरोप पाठवला: मागची पट्टी, फ्यूज आणि प्लगची अर्थ पिन, तिन्हींचे फोटो पाठवा. निरोप वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही, आणि संध्याकाळी जाहिरात गायब झाली होती. स्क्रीनशॉट चौकीत देऊन आलो आहे.