काचेची सुरी: पकडीने फोडावी की नाइफमेकरवर?

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी रेझिनच्या ब्लॉकमध्ये बसवलेल्या ऊतीचे अतिपातळ काप, म्हणजे सेक्शन, काढताना हिऱ्याची सुरी हाताशी असली तरी ब्लॉक ट्रिम करायला (तासून आकार द्यायला) आणि टोल्युइडिन ब्ल्यू या निळ्या रंगाने रंगवायच्या जाड सेक्शनला काच लागतेच. प्रश्न उरतो तो 25 मिलिमीटर रुंद, 6.4 मिलिमीटर जाड पट्टीतून सुऱ्या पाडायच्या कशावर: हातातल्या पकडीवर की नाइफमेकर या काच फोडायच्या यंत्रावर.

1950 मध्ये लॅटा आणि हार्टमन यांनी काचेची सुरी आणली, त्यानंतर कित्येक वर्षं पकडीवरच भागलं. पट्टी साबणाने धुऊन कोरडी करायची, निम्म्यावर निम्मी फोडत 25 मिलिमीटरचे चौकोन पाडायचे. मग कर्णावर चरा ओढायचा, पण कडेपर्यंत न नेता, टोकाशी साधारण मिलिमीटरभर काच कोरी सोडून. पकडीचा मधला उंचवटा चऱ्याखाली आणायचा आणि दाब हळूहळू वाढवायचा. त्या कोऱ्या भागातून तडा आपला आपण जातो, तिथेच धार तयार होते. झटका दिलात तर धारेवर करवतीचे दात. पावसाळ्यात हात आणखी हलका ठेवावा, कारण ओल असली की तडा कमी ताणातही पुढे सरकतो.

खर्च जवळपास नाही, हात बसला की सुऱ्याही छान निघतात. माझं बिनसलं ते एकाच गोष्टीवर. चरा कोपऱ्यापासून किंचित सरकवलेला असतो, त्यामुळे चौकोनाच्या दुसऱ्या अर्ध्या तुकड्याच्या कोपऱ्यावर बारीक सपाट पट्टा उरतो. तो जेवढा अरुंद, तेवढा सुरीचा खरा कोन 45 अंशांच्या जवळ; रुंद झाला की कोन 50 च्याही पुढे सरकतो. हाताने फोडताना हा पट्टा दर सुरीला वेगळा येतो, तडा जरा तिरका गेला तर धारही तिरपी. काच लवकर बोथट होते, म्हणजे सुरी वरचेवर बदलायची, आणि प्रत्येक बदलाला ब्लॉक नव्याने जुळवायचा. जुळवताना पहिले काही सेक्शन पाचरीसारखे निघतात, ते फुकट. किडनी बायोप्सीच्या ब्लॉकमध्ये ग्लोमेरुलस (किडनीतला रक्त गाळणारा सूक्ष्म गुच्छ) एकच असेल तर ही उधळपट्टी जिवावर येते.

नाइफमेकरवर पट्टा एकदा बेतला की पुढच्या सुऱ्या एकसारख्या येतात. ब्लॉक थोडाफार जुळवावा लागतोच, पण ऊती वाचते. यंत्राचेही नखरे आहेत. पट्ट्यांच्या नव्या खोक्यात रुंदी केसभर बदलली तरी सेटिंग पुन्हा करावं लागतं, दोन-तीन चौकोन वाया जातात. चरा ओढणारं चाक बोथट झालं की चऱ्याच्या कडेने काचेचा भुगा दिसू लागतो. आणि मूठ घाईने फिरवली तर पकडीतल्या झटक्याचेच दात इथेही येतात.

आठवड्याला चार सुऱ्या, त्याही जाड सेक्शनपुरत्या, एवढंच काम असेल तर पकड पुरे; यंत्राला जागा अडवू नये. पाण्यावर तरंगताना चंदेरी दिसणारे, 60 ते 90 नॅनोमीटर जाडीचे सेक्शन इवल्याशा बायोप्सीतून काढायचे असतील तर मी यंत्राकडे झुकेन, असं म्हणतो.

सुरी कशीही फोडा, धार स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली तिरप्या उजेडात पाहा. उजव्या टोकाला कुसळ असतं, तो भाग ट्रिमिंगला. डावीकडचा तिसरा हिस्सा बारीक सेक्शनसाठी राखायचा. टेपची बोट (सेक्शन तरंगायला सुरीला लावलेली पाण्याची छोटी टाकी) गळते ती बहुधा टाचेपाशी, तिथे डेंटल वॅक्सचा (दातांच्या कामातल्या मेणाचा) एक थेंब जास्त सोडा. सुऱ्या त्याच दिवशी फोडलेल्या, झाकणाच्या डब्यात. आपल्या दमट हवेत कालची सुरी मी फक्त ट्रिमिंगला घेतो.