दसऱ्याच्या तोंडावर दारात येणारं ‘सिरॅमिक कोटिंग’: नाशिककरांनो, गाडी त्यांच्या हातात देण्याआधी हे वाचा

दसरा जवळ आला की आपल्याकडे गाड्या चकाचक करायची झुंबड उडते आणि नेमका तोच मुहूर्त साधून ही कोटिंगवाली मंडळी सोसायट्यांमध्ये शिरतात. आमच्याकडे, पाथर्डी फाट्याजवळ, ती एका पांढऱ्या व्हॅनमधून आली. तिघं पोरं, छापील काळे टी-शर्ट, हातात फेस उडवणारं मशीन. वॉचमन मामांना सांगितलं, सेक्रेटरींनी बोलावलंय. सेक्रेटरींना सांगितलं, बी विंगमधल्या काकांनी बोलावलंय. बोलावलं कोणीच नव्हतं. ऑफर अशी: नाइन-एच सिरॅमिक कोटिंग (म्हणजे गाडीच्या रंगावर चढवायचा सिलिकाचा कडक संरक्षक थर), तीन वर्षांची लेखी वॉरंटी, आपल्याच पार्किंगमध्ये, साडेसहा हजार रुपये. कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या दुकानांत मी आधी विचारून ठेवलं होतं, तिथे पंधरा हजारांच्या खाली कोणी बोलत नव्हतं.

“सर, फक्त डेमो बघा. नाही आवडलं तर एक रुपया देऊ नका.” सगळा खेळ या डेमोतच आहे, म्हणून तो नीट सांगतो.

माझी गाडी काळी. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात जिकडेतिकडे रस्ते उकरलेले, त्यामुळे सकाळी पुसलेली गाडी संध्याकाळी राखाडी. त्या पोराने बॉनेटच्या मधोमध पिवळी मास्किंग टेप लावली, एका बाजूला बाटलीतलं पांढरट काहीतरी ओतलं आणि त्यावर लोकरीचं पॅड लावलेलं ग्राइंडर फिरवलं. दोन मिनिटांत टेप काढली. डावीकडे आरसा, उजवीकडे धुरळा. शेजारचे काका तर “वा!” म्हणाले. पण या आरशाचा आणि कोटिंगचा काही संबंध नाही. रंग घासून चकाकवणाऱ्या साध्या रबिंग कंपाउंडने कुठल्याही गाडीचं अर्धं बॉनेट असंच दिसतं, आणि दुसरी बाजू त्याने मुद्दाम धुतलेलीही नव्हती. शिवाय एकदा अर्धं बॉनेट असं झालं की ‘नको’ म्हणणाऱ्याने दुरंगी गाडी घेऊन हिंडायचं का? डेमो फुकट, पण तो झाला की सुटका नाही.

मग आगीचा प्रयोग. चकाकणाऱ्या बाजूवर थोडं स्पिरिट ओतून त्याने लायटर लावला. निळी ज्वाळा भुरकन उठली, विझली, वर फडका मारला तर रंगाला डागसुद्धा नाही. “बघा सर, हीट-प्रूफ!” जळते ती स्पिरिटची वाफ. खालचा द्रव उडून जाताना पृष्ठभागाची उष्णता स्वतःच ओढून घेतो, आणि इतक्या थोड्या वेळात कारखान्यातला साधा रंगही तापत नाही. हाच प्रयोग उजवीकडच्या धुरकट बाजूवर केला असता तरी हेच झालं असतं. ती बाजू मात्र त्याने वापरली नाही.

शेवटी पाणी शिंपडलं. थेंबांचे टपोरे मोती होऊन घरंगळले. हे दृश्य खरोखर छान दिसतं आणि लोक इथेच पाघळतात. पण पाण्याचे मोती साध्या मेणानेही होतात, सिलिकॉन तेलाने तर हमखास होतात. मोती दिसले म्हणजे कोटिंग आहे असं नाही, रंगावर पाणी झटकणारं काहीतरी आहे एवढंच त्यावरून कळतं.

नाइन-एचबद्दलही सांगून टाकतो, कारण “चावीने ओरखडा ओढा, उठणार नाही” असं तो छातीठोकपणे सांगत होता. हा आकडा पेन्सिलच्या शिशाचा आहे. ठरावीक कडकपणाच्या पेन्सिली थरावर दाबून ओढतात आणि कोणत्या पेन्सिलीने चरा उठतो ते बघतात. नाइन-एच ही त्या मालिकेतली सगळ्यात कडक पेन्सिल. तिच्याने चरा उठला नाही म्हणजे चावीने, दगडाने किंवा शेजारच्या स्कूटीच्या हँडलने उठणार नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही. “ओढू का चावी?” असं मी विचारल्यावर त्याने हसून विषय बदलला.

तरी अर्धं बॉनेट तसं झाल्यावर मीही हो म्हटलं. नाश्त्यानंतर हात घातला तो जेवणाच्या आत गाडी ‘तयार’. तेही ऑक्टोबरच्या उन्हात, उघड्या पार्किंगमध्ये, बॉनेटला हात लावला तर चटका बसेल अशा अवस्थेत. इथे खऱ्या कामाशी ताडून बघा. सिलिकाचं खरं कोटिंग करायचं तर आधी गाडी धुवायची, मग क्ले (मातीच्या गोळ्यासारखी मऊ वडी) फिरवून रंगात रुतलेले कण काढायचे, मग पॉलिश करून बारीक चरे घालवायचे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पॉलिशचं सगळं तेल उतरवायचं, कारण तेलावर कोटिंग धरतच नाही. त्यानंतर सावलीत, गार पत्र्यावर, छोट्या छोट्या भागात ते लावायचं आणि वेळेत पुसायचं. पुढे साधारण एक दिवस पाण्याचा थेंब नको आणि आठवडाभर शाम्पू नको. आमच्या पोरांनी काम संपल्या संपल्या पाईपने पाणी मारून “फायनल रिझल्ट” दाखवला!

पैसे क्यूआरवर. बॅनरवर एक नाव, क्यूआरवर कोणा भलत्याच माणसाचं. “मालकांचं पर्सनल अकाउंट आहे, सर.” पावती मात्र दणदणीत, लॅमिनेट केलेल्या वॉरंटी कार्डासकट. त्या पावतीवरचा जीएसटी नंबर नंतर मोजला तर चौदाच अक्षरं भरली. खरा नंबर पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो आणि मधली दहा अक्षरं पॅनची असतात. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की धंद्याचं नाव समोर येतं, मोबाईलवर मिनिटभराचं काम. वॉरंटी कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत ‘दर तीन महिन्यांनी आमच्याकडूनच सशुल्क मेंटेनन्स बंधनकारक’ असंही छापलेलं होतं. कोणाकडून करून घ्यायचं कोण जाणे, त्यावरचा फोन आता लागत नाही.

दसऱ्याला पूजा झाली, झेंडूचा हार, कुंकवाचं स्वस्तिक, सगळं रीतसर. त्यानंतर गाडी धुतली तेव्हाच मोती बसकट झाले होते. पुढच्या धुण्याला तर पाणी पत्र्यावर चादरीसारखं पसरून राहिलं. आणि रात्री मुंबई नाक्याजवळच्या पेट्रोल पंपावर, वरच्या पांढऱ्या एलईडीच्या उजेडात, बॉनेटवर जे दिसलं ते बघून पोटात गोळा आला. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे, आणि त्यातून ग्राइंडर जसजसं फिरलं तसतसे लांब, धुरकट पट्टे. हे चरे कामाच्या दिवशीही होतेच. फक्त त्यांच्यात तेल भरून ते झाकले होते.

खात्री करायची असेल तर घरी करता येते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून तळहाताएवढ्या जागेवर फवारा, स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा आणि मोबाईलचा टॉर्च धरून बघा. कोटिंग खरं असेल तर काही फरक पडत नाही. माझ्याकडे तेवढ्या जागेतली चमक फडक्यावर आली आणि चरे उघडे पडले.

त्याहून वाईट प्रकार बॉनेटच्या पुढच्या कडेला होता. अंगठ्याएवढ्या रुंदीचा मंद पट्टा, आणि पॉलिशने चोळलं तर फडक्यावर काळा रंग येतोय. वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट शाबूत असेल तर फडक्यावर रंग येता कामा नये. अंबडच्या एका ओळखीच्या पेंटरने जाडी मोजायचं यंत्र लावलं. बॉनेटच्या मध्यावर ११०च्या आसपास मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), कडेला साठसुद्धा नाही. कारखान्यातला सगळा रंग मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन असतो, त्यात क्लिअर कोट असतो चाळीसेक, आपल्या केसाहून पातळ. कडांवर तो आणखी बारीक, आणि ग्राइंडर एकाच जागी गरगर फिरतं, त्यामुळे कडा आधी जळतात. जाणकार कारागीर कडांना टेप लावतो, आणि मशीनही हेलकावे घेत फिरणारं, ड्युअल अ‍ॅक्शन जातीचं वापरतो.

पेंटरने वास घेऊन विचारलं, “भाऊ, यावर सिलिकॉन मारलंय का कोणी?” सिलिकॉन राहिलेल्या पत्र्यावर नवा रंग मारला की तो जागोजागी आकसतो, माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. म्हणजे आता आधी ते उतरवण्याची मजुरी, मग रंगाची. उत्तर वॉचमन मामांकडे होतं. त्यांनी कचऱ्यातून त्या पोरांची रिकामी बाटली उचलून ठेवली होती, फिनाईल भरायला म्हणून. वरचं सोनेरी ‘नॅनो सिरॅमिक’ स्टिकर नखाने सोललं तर खाली दुसरं लेबल: डॅशबोर्ड आणि टायर पॉलिश. तीन वर्षांची वॉरंटी, टायर पॉलिशला.

याच पैशांचा हिशेब दुसरीकडून मांडतो. दोन बादल्या, गाडीचा शाम्पू, क्लेचा एक तुकडा, चार-पाच जाड मायक्रोफायबर आणि पेस्ट वॅक्सचा डबा, हे सगळं साडेसहा हजारांच्या बऱ्याच आत येतं आणि वर्षभर पुरतं. एक बादली शाम्पूची, दुसरी फडकं खळबळायला, म्हणजे निघालेली माती परत रंगावर जात नाही. भांड्यांचा साबण नको, तो असलेलं मेणही उतरवतो. बोअरचं पाणी असेल तर गाडी उन्हात वाळू देऊ नका, क्षारांचे पांढरे ठिपके बसतात. क्ले कोरडी कधीच फिरवायची नाही, शाम्पूचं पाणी सतत हवं. कुंकू, हळद आधी पाण्याने ओघळू द्यायची, कोरड्या फडक्याने घासली की चरे ठरलेले. वॅक्स सावलीत, गार पत्र्यावर, अगदी पातळ. जाड थर दिल्याने जास्त टिकत नाही, पुसताना खांदे तेवढे भरून येतात. कार्नोबाचं मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं, दिसतं सुरेख, पण आपल्या उन्हात महिना-दोन महिनेच. डब्यावर काहीही लिहिलेलं असो.

आमच्या सोसायटीतल्या चार गाड्यांचं काम त्या दिवशी झालं होतं. पांढऱ्या गाडीवाल्या वहिनींना अजूनही वाटतं की त्यांचं बरं झालं. पांढऱ्यावर चरे दिसत नाहीत, एवढंच. बाकी आम्ही तिघांनी मिळून पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय (जुनं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८), आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तो अर्जही तयार होतोय. अर्जाला बाटलीचा फोटो, पावती, वॉरंटी कार्ड, क्यूआरचा स्क्रीनशॉट आणि पेमेंटचा बारा आकडी यूटीआर (व्यवहाराचा संदर्भ) नंबर जोडतोय. तुमच्याकडे हीच व्हॅन येऊन गेली असेल तर यातलं काही पुसू किंवा फेकू नका, आणि अल्कोहोलची चाचणी करताना व्हिडिओ काढून ठेवा. पेंटरने बॉनेटचे पाच हजार सांगितलेत. त्याच्याकडून जाडीच्या आकड्यांसकट पक्कं बिल घेणार आहे, भरपाई मागताना तेच दाखवायचंय.