गव्हाचं बियाणं: घरचं ठेवावं की प्रमाणित आणावं?

घरचं बियाणं तीन-चार वर्षं वापरलं की जात बिघडते, असं सर्रास म्हणतात. मक्याला ते लागू असेल, गव्हाला अर्धंच. गव्हाच्या फुलात पराग बहुधा त्याच फुलाच्या कुक्षीवर पडतो, बाहेरच्या परागाला शिरकाव जवळपास नाहीच. त्यामुळे पैदासकारांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून स्थिर केलेली उंची, पक्वतेचा काळ, दाण्याची प्रत घरच्या बियाण्यातही जशीच्या तशी उतरते. (संकरित गहू असेल तर मात्र बी ठेवूच नका; पुढच्या पिढीत गुण फुटतात, झाडं एकसारखी येत नाहीत.)

मग फरक कुठे पडतो? दाणा ज्या झाडावर भरला त्या झाडाच्या हालहवालीत. दाणे भरताना पाणी तुटलं, ऊन चढलं, तर दाणा बारीक राहतो आणि त्याचं रोपही सुरुवातीला अशक्त निघतं. बन्सी या कडक दाण्याच्या गव्हावर पांढुरके, पिठाळ डाग दिसले की लोक जातीला नावं ठेवतात. बहुतेकदा तिथे नत्र कमी पडलेलं असतं. तेच बी पुढच्या वर्षी नीट पोसा, दाणा पुन्हा चकचकीत येईल.

काणीचं तसं नाही. ही बुरशी दाण्याच्या गर्भात लपते. दाणा टपोरा दिसतो आणि पुढच्या हंगामात ओंबीत काळी भुकटी निघते. इथे प्रमाणित बियाणं उजवं, कारण बीजोत्पादनाचं शेत तपासलेलं असतं. घरचंच पेरायचं तर कार्बोक्झिनसारख्या आंतरप्रवाही, म्हणजे दाण्याच्या आत शिरणाऱ्या बुरशीनाशकाची प्रक्रिया हवी. थायरम वरवरच्या बुरशीपुरतं.

भेसळीतही घरचं मागे पडतं. मळणीयंत्र आधी शेजाऱ्याच्या सरबती गव्हात फिरलेलं असतं, मग तुमच्या बन्सीत येतं.

तांबेऱ्यासाठी, म्हणजे पानांवर तांबूस ठिपके पाडणाऱ्या बुरशीच्या रोगासाठी, बियाणं बदलणार असाल तर थांबा. लोकवन जातीवर तांबेरा येतो म्हणून लोकवनचीच नवी पिशवी आणण्यात अर्थ नाही, तिच्यातही जनुकं तीच. बदलायची ती जात: निफाडच्या गहू संशोधन केंद्राच्या किंवा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तांबेरा-प्रतिकारक जाती बघा.

मी असं करीन: दर तिसऱ्या वर्षी प्रमाणित बियाणं, मधली दोन वर्षं घरचं. त्यासाठी शेताच्या मधल्या पट्ट्यातलं बी वेगळं मळायचं, चाळायचं. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवायचे. प्रमाणित बियाण्याला किमान 85 टक्के उगवणीची अट आहे, तेच माप घरच्यालाही लावायचं. सत्तरच उगवले तर ते बी दळायला द्यायचं.