तास, पॉइंट की नुसती मोजदाद : तुमच्या टीमला कोणतं एस्टिमेशन झेपेल?

सॉफ्टवेअरच्या कामाला किती वेळ लागेल, याचा अंदाज म्हणजे एस्टिमेशन. त्याची पद्धत निवडण्याआधी एक ठरवा: अंदाज नक्की कोणाला हवाय? क्लायंटला कोटेशनसाठी, मॅनेजरला तारखेसाठी, की टीमलाच काम समजून घ्यायला?

क्लायंटला हवा असेल तर तासच द्यावे लागतात. फिक्स्ड बिडमध्ये, म्हणजे किंमत आधीच ठरवून घेतलेल्या कामात, त्यातून सुटका नाही. तासांची खोड अशी, की 'सहा तास' म्हटलं की ते सलग सहा तास धरले जातात. मधल्या मीटिंगा, रिव्ह्यूसाठी ताटकळणं, प्रॉडक्शनला लागलेली आग यांचा हिशेब कोणी धरत नाही. शिवाय काम सिनियर करणार की फ्रेशर, त्यावरही आकडा बदलतो.

याच कटकटीतून स्टोरी पॉइंट आले. स्टोरी म्हणजे कामाचा एक छोटा तुकडा, आणि पॉइंट म्हणजे तो बाकीच्या तुकड्यांच्या मानाने किती मोठा याचा आकडा. एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग ही सॉफ्टवेअर बनवण्याची एक पद्धत. ती वापरणाऱ्यांनी सुरुवातीला 'आदर्श दिवस', म्हणजे कसलाही व्यत्यय न येता लागणारे दिवस, मोजले, पण तीन दिवसांच्या कामाला नऊ दिवस का लागतात, हे वरच्यांना समजावता समजावता ते थकले आणि 'दिवस' हा शब्दच काढून टाकला. त्यांच्यातलेच रॉन जेफ्रीज पुढे म्हणाले, पॉइंटचा शोध कदाचित मीच लावला असेन, आणि तसं असेल तर आता मला त्याचा खेद आहे. पॉइंट सापेक्ष असतात, म्हणून दोन टीमच्या व्हेलॉसिटीची, म्हणजे ठरावीक काळात किती पॉइंट संपले त्या आकड्याची, तुलना करण्यात काही अर्थ नाही. तरीही ती होतेच. मग तीनाच्या स्टोरीला पाच पडू लागतात आणि व्हेलॉसिटी कागदावर वाढत जाते.

प्लॅनिंग पोकर २००२ मध्ये जेम्स ग्रेनिंग यांनी सुचवला. प्रत्येकाने स्टोरीला आपल्या मते किती पॉइंट, त्याचा पत्ता निवडायचा आणि सगळ्यांनी पत्ते एकदम उलटायचे, म्हणजे लीडचा आकडा बघून बाकीचे माना डोलावत नाहीत. ओटीपी लॉगिनची स्टोरी घ्या. डेव्हलपर तीन दाखवतो, टेस्टर तेरा. विचारल्यावर कळतं, की एसएमएसचं टेम्प्लेट डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) मंजूर झाल्याशिवाय मेसेजच जाणार नाही, आणि हे टेस्टरशिवाय कोणाच्या डोक्यातच नव्हतं. पोकरचा फायदा हा. शेवटी पाच ठरले की आठ, याला फारसं महत्त्व नाही. वेळ मात्र खातो. शंभर स्टोऱ्यांचा बॅकलॉग, म्हणजे बाकी कामांची यादी, पोकरने करायला बसू नका. तिथे टी-शर्टचे साइज (एस, एम, एल असे ढोबळ गट) बास.

तारीख हवी असेल तर माझं मत मोजदादीला, म्हणजे संपलेल्या स्टोऱ्या नुसत्या मोजण्याला. गेल्या दहा-बारा आठवड्यांत दर आठवड्याला किती स्टोऱ्या संपल्या ते लिहा: ४, ६, ३, दिवाळीच्या आठवड्यात शून्य, ५... समजा चाळीस उरल्यात. या आकड्यांतून चिठ्ठ्या काढल्यासारखे आकडे उचलत चाळीस पूर्ण व्हायला किती आठवडे लागतात ते बघा, आणि स्प्रेडशीटला हेच हजारदा करायला लावा. यालाच मॉन्टे कार्लो म्हणतात. 'गेल्या काही महिन्यांचाच वेग राहिला तर अमुक तारखेपर्यंत संपण्याची शक्यता ८५ टक्के' असं उत्तर मिळतं, आणि त्यात दिवाळीही आपोआप धरलेली असते. स्टोऱ्या अगदी सारख्या नसल्या तरी चालतं, पण एक स्टोरी दोन दिवसांची आणि दुसरी दोन महिन्यांची असेल तर नाही. नवी टीम असेल, किंवा अर्धी माणसं नुकतीच बदलली असतील, तर जुने आकडे कामाचे नाहीत.

नो-एस्टिमेट्सवाले अंदाजच नको म्हणतात. स्वतःचं प्रॉडक्ट असेल, रोज रिलीज होत असेल, तर जमेल. टेंडर भरणाऱ्याला कसं जमणार?

नव्या टीमने पहिले काही स्प्रिंट (कामाचे काही आठवड्यांचे ठरावीक टप्पे) पोकर खेळावा आणि संपलेल्या स्टोऱ्यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. नंतर पॉइंट सोडून दिले तरी अडत नाही. 'पण स्क्रममध्ये पॉइंट लागतातच' असं कोणी म्हणालं, तर त्यांना २०२० चं स्क्रम गाइड, म्हणजे स्प्रिंटमध्ये काम करण्याच्या या पद्धतीची अधिकृत पुस्तिका, उघडून द्या. त्यात स्टोरी पॉइंटचा उल्लेखही नाही. आणि क्लायंट पॉइंटला आठाने गुणून तासच काढत असेल, तर सरळ तास सांगा.